अपडेटनंतर लॅपटॉपचं वायफाय बंद पडलं तर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट झालं, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि आता वायफाय काही केल्या लागत नाही. अशा वेळी कुणी राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसतं, तर कुणी थेट सगळं फॉरमॅट करायला निघतं. दोन्हीची गरज क्वचितच पडते. बहुतेक वेळा कार्ड शाबूत असतं, राउटरही शाबूत असतो. मधली एखादी गोष्ट अपडेटमध्ये बदललेली असते आणि ती जागेवर आणता येते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी ओळखा, आणि जो उपाय सहज मागे घेता येतो तो आधी करा. ड्रायव्हर जुन्या आवृत्तीवर नेला तर तो परत पुढे आणता येतो. नेटवर्क रीसेट केलं की मात्र साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात. आणि विंडोज नव्यानं टाकलं तर एक अख्खा दिवस जातो, कधी फायलीही जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा.

अपडेटचा वायफायशी काय संबंध

लॅपटॉपमध्ये वायफायचं एक छोटं कार्ड असतं. काही लॅपटॉपमध्ये ते काढता-घालता येतं, काहींत बोर्डावरच पक्कं बसवलेलं असतं. ते चालवायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो, आणि बऱ्याच कार्डांना फर्मवेअर नावाची आणखी एक फाइल लागते, जी सुरू होताना कार्डात भरली जाते. अपडेटमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा बदलतो, कधी ड्रायव्हरच बदलतो. नवा गाभा आणि जुना ड्रायव्हर जुळला नाही की कार्ड असून नसल्यासारखं होतं. विंडोज अपडेट तर कित्येकदा ड्रायव्हर स्वतःहून आणून बसवतं. त्यामुळे 'मी काहीच केलं नव्हतं' हे अगदी खरं असतं.

याखेरीज अपडेटमुळे सुरक्षेचे नियम कडक होतात, वीज वाचवण्याच्या सेटिंग बदलतात, जुनं व्हीपीएन (नेटची ये-जा गुप्त मार्गानं नेणारं ॲप) किंवा अँटिव्हायरस नव्या सिस्टीमशी अडखळतं. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, 'नेट नाही'. आतली कारणं मात्र वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा असतो.

सगळ्यात आधी: नीट रीस्टार्ट

अपडेट संपल्याचं दिसलं तरी काही काम मागे चालू असतं. 'विंडोज अपडेट'च्या पानावर 'रीस्टार्ट आवश्यक' असं काही बाकी आहे का ते बघा, आणि असेल तर ते पूर्ण होऊ द्या.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी नवख्यांना कुणी सांगत नाही. विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं म्हणजे सगळं पूर्ण बंद झालं असं नसतं. 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल तर गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. 'रीस्टार्ट'मध्ये हे होत नाही, सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून बंद करून चालू करू नका, रीस्टार्ट करा. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग 'शट डाउन' निवडा.

त्यानंतरही कार्ड दिसत नसेल तर आणखी एक साधा उपाय. शिफ्ट धरून पूर्ण बंद करा, चार्जर काढा, जोडलेलं सगळं काढा, आणि पॉवरचं बटण साधारण अर्धा मिनिट दाबून ठेवा. मग चार्जर लावून सुरू करा. लॅपटॉप बंद असतानाही कार्डाला थोडी वीज मिळत राहते आणि ते चुकीच्या स्थितीत अडकून बसू शकतं. बटण दाबून ठेवल्यानं ती उरलीसुरली वीज निघून जाते. उपाय फार साधा वाटतो म्हणून लोक तो सोडून देतात. सोडू नका.

विमान मोडही बघून घ्या. काही लॅपटॉपवर एफएन आणि वरच्या रांगेतली एखादी कळ मिळून वायफाय बंद होतं, काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला छोटं सरकतं बटण असतं.

बिघाड नेमका कुठे आहे?

फोन त्याच वायफायला जोडा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करून एखादं पान उघडा. फोनवरही उघडत नसेल तर गडबड राउटरची किंवा जोडणी देणाऱ्यांची आहे, लॅपटॉपला हात लावू नका. फोनवर उघडत असेल तर लॅपटॉपकडे बघून ठरवा की खालीलपैकी तुमचं कुठलं:

१. वायफायचं चिन्ह किंवा बटणच नाही. सिस्टीमला कार्ड दिसत नाहीये.
२. आसपासची नेटवर्कं दिसतात, पण तुमचं दिसत नाही, किंवा जोडायला गेलं की नकार येतो.
३. जोडलं गेलं, पण इंटरनेट चालत नाही.
४. चालतं, पण सारखं तुटतं किंवा अगदी रडतखडत चालतं.

हे एकदा ठरलं की अर्धं काम झालं. पहिल्या प्रकारात डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलत बसण्यात अर्थ नाही, आणि तिसऱ्या प्रकारात ड्रायव्हर उडवण्यात नाही.

नेटच नाही, मग ड्रायव्हर आणायचा कुठून?

फोन आणि त्याची चार्जिंगची केबल. अँड्रॉइड फोन केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जा आणि 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लॅपटॉपला ही तारेची जोडणी वाटते, वायफाय कार्डाची गरजच लागत नाही. फोन त्या वेळी घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बऱ्याच फोनवर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. आयफोनवर 'पर्सनल हॉटस्पॉट' सुरू करून केबल लावता येते, पण विंडोजवर त्यासाठी ॲपलचं आयट्यून्स किंवा 'ॲपल डिव्हायसेस' हे ॲप आधीपासून असावं लागतं.

लॅपटॉपला लॅनचं पोर्ट असेल तर राउटरपासून तार ओढा, ते सगळ्यात उत्तम. यातलं काहीच नसेल तर दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर आणा.

टेदरिंग चालू झाल्या झाल्या विंडोज बाकीची मोठी अपडेटंही उतरवू लागतं. मोबाइल डेटा वापरत असाल तर त्या जोडणीच्या माहितीच्या पानावर 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरण्याची सेटिंग) सुरू करून ठेवा.

कार्डच दिसत नाही: विंडोज

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करा, 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, त्यात 'नेटवर्क ॲडाप्टर्स'ची ओळ उलगडा. इथे इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम किंवा ब्रॉडकॉम अशा एखाद्या नावासोबत 'वायफाय' किंवा 'वायरलेस' असं लिहिलेलं दिसायला हवं.

नावावर खाली वळलेला छोटा बाण असेल तर कार्ड फक्त बंद केलेलं आहे. उजवी क्लिक, 'इनेबल', काम झालं. पिवळा त्रिकोण असेल तर नावावर दोनदा क्लिक करा आणि 'डिव्हाइस स्टेटस'च्या चौकटीतला कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे कार्ड सुरू होऊ शकत नाही. कोड ४३ म्हणजे कार्डानं अडचण कळवली म्हणून विंडोजनं ते थांबवलं. १० आणि ४३ ला आधी वर सांगितलेला पॉवर बटणाचा उपाय करा आणि मगच ड्रायव्हरकडे वळा.

आता त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' हा टॅब उघडा. तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक दिसेल. आधी फोननं त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तुलना करायला लागतो. खाली 'रोल बॅक ड्रायव्हर' असं बटण आहे. ते दाबता येत असेल तर तुमचं काम बहुधा इथेच होईल, कारण त्याचा अर्थ अपडेटनं ड्रायव्हर बदलला आणि जुना अजून जपून ठेवलेला आहे. कारण विचारलं जाईल, कुठलंही निवडा, 'येस' म्हणा, आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

बटण फिकट असेल तर जपून ठेवलेला आधीचा ड्रायव्हर नाही. तरी एक वाट उरते. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', आणि त्यात खालचा पर्याय, उपलब्ध ड्रायव्हरच्या यादीतून स्वतः निवडण्याचा. तिथे एकाच कार्डाची दोन-तीन नावं आवृत्तीच्या क्रमांकासह दिसू शकतात. फोटोत होता त्यापेक्षा वेगळा क्रमांक निवडा आणि 'नेक्स्ट'. इंटरनेट नसतानाही हे करता येतं, कारण या फायली आधीच डिस्कवर असतात.

यातही जमलं नाही तर ताजा ड्रायव्हर आणा. पहिली जागा म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं सपोर्टचं पान. तिथे लॅपटॉपच्या तळाशी छापलेला नेमका मॉडेल क्रमांक टाका, नुसतं मालिकेचं नाव नको, कारण एकाच मालिकेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं असू शकतात. कार्ड इंटेलचं असेल तर इंटेल स्वतःच्या संकेतस्थळावरही वायफायचे ड्रायव्हर देतं. रिअलटेक आणि मीडियाटेकचे मात्र लॅपटॉपच्या कंपनीकडूनच घेतलेले बरे.

कार्ड कुणाचं आहे हेच कळत नसेल, यादीत फक्त 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'अननोन डिव्हाइस' असं दिसत असेल, तर 'डिटेल्स' टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. आकड्यांची लांब ओळ येते. घाबरू नका, त्यातले व्हीईएन या अक्षरांपुढचे चारच अंक वाचायचे. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम ॲथेरॉस.

दोन सावधगिऱ्या मनापासून सांगतो. पहिली: 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' दाबल्यावर ड्रायव्हरही काढून टाकण्याची एक चौकट समोर येते. हातात दुसरा ड्रायव्हर आल्याशिवाय तिच्यावर खूण करू नका. खूण न करता अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं तर विंडोज तोच ड्रायव्हर नव्यानं बसवतं, आणि कधीकधी तेवढ्यानंही भागतं. दुसरी: 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असं सांगणारी फुकट ॲपं घेऊ नका. वायफाय नीट करण्याच्या नादात ती भलतेच ड्रायव्हर बसवतात, सोबत जाहिरातीही आणतात, आणि मग मूळ बिघाड कुठला हे शोधणं दुप्पट कठीण होतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड ठणठणीत दिसतं आणि तरी नेटवर्कची यादी रिकामी आहे, असंही होतं. मग शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' लिहून ती खिडकी उघडा आणि 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' शोधा. तिच्यापुढे 'रनिंग' हवं आणि 'स्टार्टअप टाइप' हे 'ऑटोमॅटिक' हवं. ही सेवा बंद असेल तर कार्ड कितीही चांगलं असलं तरी यादी येत नाही.

कार्डच दिसत नाही: लिनक्स

उबुंटू, मिंट किंवा तत्सम लिनक्सवर बिघाड बहुतेकदा नव्या कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा असतो, आणि इथे एक फार मोठी सोय आहे. जुना कर्नल सहसा पुसला जात नाही. सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या पद्धतीच्या बायोसवर (सिस्टीमच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) शिफ्ट धरून ठेवा. ग्रबची, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारी यादी येईल. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडा. त्यावर वायफाय लागलं तर निदान पक्कं झालं. पुढचं कर्नल अपडेट येईपर्यंत तिथेच राहिलात तरी चालेल.

ब्रॉडकॉमची काही कार्डं आणि यूएसबीचे बरेच रिअलटेक डाँगल यांचा ड्रायव्हर कर्नलबरोबर येत नाही. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा आपोआप करते, पण कर्नल हेडर्सचं (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायलींचं) पॅकेज नसेल तर ते गुपचूप फसतं. जुन्या कर्नलवर जा किंवा टेदरिंग लावा, 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा आणि तिथला ड्रायव्हर पुन्हा निवडा.

सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर इथे हमखास एक घोळ होतो. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबा असं सांगतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कळ दाबून 'एनरोल एमओके' निवडायचं आणि तोच पासवर्ड टाकायचा असतो. नवख्या माणसाला तो पडदा एखाद्या बिघाडाचा वाटतो, तो नुसता बघत राहतो, वेळ निघून जातो आणि ड्रायव्हर बसूनही चालत नाही. तसं झालं असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा बसवा आणि या वेळी कळ दाबायला तयार बसा.

टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) ही आज्ञा दिली की वायफाय सॉफ्टवेअरनं अडवलंय की बटणानं, ते कळतं.

मॅकवर

मॅकमध्ये वायफायचा ड्रायव्हर मॅकओएसच्या आतच येतो, वेगळा शोधायचा नसतो. म्हणून इथला बिघाड बहुधा सेटिंगचा किंवा बाहेरून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅकओएस सेकोया आलं, तेव्हा बाहेरच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमुळे कित्येकांचं नेट अडलं होतं. ऑक्टोबरमध्ये आलेल्या १५.०.१ मध्ये ॲपलनं त्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेणारी दुरुस्ती केली.

आधी व्हीपीएन, अँटिव्हायरस आणि नेटवर्क फिल्टर बंद करून बघा. मग सेफ मोड. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक असेल तर पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण पर्याय दिसेपर्यंत दाबून धरा, डिस्क निवडा, शिफ्ट धरा आणि 'कंटिन्यू इन सेफ मोड' दाबा. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना नुसतं शिफ्ट धरायचं. सेफ मोडमध्ये वायफाय नीट चालत असेल तर दोष बाहेरून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचा, हे जवळपास ठरलं. तिथेही नाही चाललं तर ऑप्शनची कळ धरून मेनूपट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. 'वायरलेस डायग्नॉस्टिक्स'चा पर्याय येतो, तो स्वतः तपासणी करून कारण सुचवतो.

नेटवर्क दिसतं, पण जोडलं जात नाही

आधी ते नेटवर्क 'फरगेट' करा आणि पासवर्ड नव्यानं टाका. साठवलेल्या माहितीत सुरक्षेचा जुना प्रकारही असतो, आणि अपडेटनंतर तोच आडवा येतो.

त्यानं काम झालं नाही तर राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार बघा. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असेल तर ते बदलाच. दोन्ही पद्धती जुन्या आणि कमकुवत आहेत, नव्या सिस्टीम त्यांच्याबद्दल इशारे देतात. डब्ल्यूपीए२ एईएससह ठेवा, किंवा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र. एकत्रवाल्यातच अडत असेल तर तात्पुरतं फक्त डब्ल्यूपीए२ करून बघा.

राउटरवर ठरावीक उपकरणांनाच प्रवेश दिलेला असेल, म्हणजे मॅक ॲड्रेस (वायफाय कार्डाचा स्वतःचा पत्ता, ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) फिल्टर लावलेला असेल, तर अपडेटनंतर लॅपटॉप राउटरला अनोळखी होऊ शकतो. हल्ली सिस्टीम खऱ्या पत्त्याऐवजी बनावट पत्ता सांगू शकते, खासगीपणा जपण्यासाठी. विंडोजमध्ये याचं नाव 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस', मॅकवर 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस', आणि मॅकवर ही सोय सेकोयापासूनच आली. घरच्या नेटवर्कपुरती ती बंद करा.

तुमचंच नेटवर्क यादीत नाही आणि शेजारपाजारची दिसतात, तर चॅनलचा, म्हणजे राउटर ज्या लहरपट्टीवर चालतो तिचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी. २.४ गिगाहर्ट्झवरचे १२ आणि १३ हे चॅनल काही देशांत वापरले जातात, काहींत नाही. अपडेटमध्ये ड्रायव्हरचा देश बदलला तर तो हे चॅनल बघतच नाही. राउटरवर १, ६ किंवा ११ ठेवा.

ऑफिस किंवा कॉलेजचं वायफाय, जिथे पासवर्डबरोबर युजरनेमही लागतं, त्याची तऱ्हा निराळी. डिसेंबर २०२३ मध्ये केबी५०३२२८८ या विंडोज ११ च्या अपडेटनंतर नेमकी अशीच नेटवर्कं अडली होती, घरची बहुतेक चालू होती. मायक्रोसॉफ्टनं तो बदल स्वतःच दूरून मागे घेतला. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीत एंटरप्राइझ आणि एज्युकेशन लॅपटॉपवर 'क्रेडेन्शियल गार्ड' (लॉगिनची माहिती जपणारी सोय) आपोआप सुरू झालं आणि एमएस-चॅपव्ही२ या लॉगिनच्या जुन्या पद्धतीवर चालणारी वायफायची लॉगिनं बंद पडली. अशा ठिकाणी घरी बसून झगडू नका. तिथल्या आयटी विभागाला अपडेटचा क्रमांक कळवा, उपाय त्यांच्या हातात असतो.

जोडलंय, पण इंटरनेट नाही

आधी घड्याळ बघा. तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत आणि वाटतं नेटच गेलं.

मग वायफायच्या माहितीत आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपला मिळालेला क्रमांक) वाचा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, लॅपटॉपनं स्वतःच एक लावून घेतला आहे. 'आयपी असाइनमेंट' हे 'ऑटोमॅटिक' करा आणि राउटर एकदा रीस्टार्ट करा, या ठिकाणी त्याचा खरंच उपयोग होतो.

पत्ता बरोबर असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग (ping) लिहून एक जागा सोडा आणि ८.८.८.८ टाका. उत्तर आलं, पण ब्राउझरमध्ये पानं उघडत नाहीत, तर दोष डीएनएसचा. 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' हातानं बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला.

त्यानंही नाही, तर व्हीपीएन. व्हीपीएन 'डिसकनेक्ट' केलं तरी त्याचा फिल्टर वायफायवर चिकटून राहू शकतो, म्हणून ते पूर्ण अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा आणि मग त्याची नवी आवृत्ती टाका. बाहेरच्या अँटिव्हायरसलाही हेच लागू. 'प्रॉक्सी'च्या पानावर जुना प्रॉक्सी (नेटच्या वाटेतला मधला सर्व्हर) राहिलाय का तेही बघा.

सारखं तुटतं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या खिडकीत 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असतो. 'वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण काढा. झोपेतून उठल्यावर वायफाय जातं, त्यांच्यासाठी हा पहिला उपाय. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, ते नेहमीचंच आहे. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफायची पॉवर सेव्हिंग बंद करता येते.

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावानं देत असेल तर लॅपटॉप त्यांच्यात उड्या मारत राहतो. दोघांना वेगळी नावं द्या आणि एकच धरून एक दिवस वापरून बघा.

आता मोठे उपाय

इथपर्यंत काहीच लागू पडलं नाही, तरच 'नेटवर्क रीसेट'. विंडोज ११ मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज', आणि खाली 'नेटवर्क रीसेट'. पासवर्ड आधी लिहून ठेवा. व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं.

त्यानंतर अपडेटच काढणं. 'विंडोज अपडेट', 'अपडेट हिस्ट्री', 'अनइन्स्टॉल अपडेट्स' इथे ज्या तारखेला बिघडलं त्या तारखेचं अपडेट शोधा. विंडोजची संपूर्ण नवी आवृत्ती आली असेल तर 'सिस्टीम', 'रिकव्हरी' मध्ये 'गो बॅक' असतं. ते साधारण १० दिवसच उपलब्ध राहतं आणि डिस्कची सफाई करताना जुन्या फायली पुसल्या गेल्या तर त्याआधीही जातं. म्हणून नवी आवृत्ती आल्या आठवड्यात डिस्क साफ करू नका. मॅकवर जुन्या आवृत्तीवर जायचं म्हणजे डिस्क पुसून नव्यानं टाकणं, त्यामुळे तिथे पुढच्या छोट्या अपडेटची वाट बघणं शहाणपणाचं. मॅकच्या ओएस एक्स योसेमिटी या जुन्या आवृत्तीच्या वेळी नेटवर्कच्या तक्रारी महिनोन्महिने चालल्या, आणि ३० जून २०१५ च्या १०.१०.४ मध्ये ॲपलनं त्यामागची नवी यंत्रणा काढून जुनी परत आणली.

बायोस अपडेट करायचं असेल किंवा त्याच्या सेटिंगला हात लावायचा असेल तर आधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की हाताशी आहे ना ते बघा. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते, पण ते फोनवरून आधीच उघडून खात्री करा. की नसताना बायोसमध्ये शिरलात आणि विंडोजनं ती मागितली, तर वायफाय राहिलं बाजूला, सगळ्या फायली कुलपात जातात.

कार्डच गेलंय का?

याची एक खात्रीची चाचणी आहे आणि ती करायला काहीही पुसावं लागत नाही. उबुंटूसारखं लिनक्स पेन ड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. बिटलॉकर असेल तर की इथेही हाताशी हवी. तिथे वायफाय लागलं तर कार्ड जिवंत आहे, दोष विंडोजच्या बाजूला आहे. तिथे आणि बायोसमध्ये दोन्हीकडे कार्डाचा मागमूसही नसेल तर कार्ड किंवा त्याची जोडणी गेली आहे. मग दुरुस्तीला द्या, किंवा छोटा यूएसबी वायफाय डाँगल लावा, तो कायमचाही पुरतो.

दुरुस्तीला देताना सोबत चार गोष्टी लिहून द्या: लॅपटॉपचं मॉडेल, कार्डाचं नाव, अपडेटचा क्रमांक आणि तारीख, आणि डिव्हाइस मॅनेजरमधला कोड. एवढं हातात असलं की समोरचा थेट कामाला लागतो.

आणि ड्रायव्हर मागे नेऊन वायफाय चालू झालं असेल तर लगेच 'विंडोज अपडेट'मध्ये 'पॉज' दाबा. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. नाहीतर विंडोज तोच नवा ड्रायव्हर पुन्हा आणून बसवेल. या मुदतीत चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल कंपनीच्या पानावरून उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्याचा आवृत्ती क्रमांक फाइलच्या नावातच लिहा.